बाबांचे कान, माझे इअरबड्स आणि कुडाळचे पाच दिवस

दिवस पहिला : ठाणे ते कुडाळ

मांडवी एक्स्प्रेस ठाण्याला पावणेआठच्या सुमारास येते. बाबांना गर्दीत चढवायचं म्हणून आम्ही डोंबिवलीहून खूप आधी निघालो आणि ठाण्याच्या फलाटावर जवळजवळ तासभर बसून राहिलो. बाबा ७३ वर्षांचे आहेत. पाय चांगले, नजर चांगली, फक्त कान गेलेत. फलाटावरची घोषणा त्यांना ऐकू येते, पण त्यातले शब्द लागत नाहीत. 'आवाज येतो गो, बोलणं येत नाही,' असं ते गेली दहा-बारा वर्षं सांगताहेत. आम्ही घरातले मात्र तितकी वर्षं नुसते आवाज वाढवत राहिलो.

माझ्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक मोठा, कान पूर्ण झाकणारा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन आणि एक इअरबड्सची डबी. मी रोज ऐरोलीला कामाला जाते. लोकलमध्ये बड्स आणि ऑफिसच्या कॉल्सना हेडफोन, हे माझं नेहमीचं. गावी नेताना हे दोन्ही फक्त माझ्यासाठीच घेतले होते, हे लिहून ठेवते.

चिपळूण गेलं, संगमेश्वर मागे पडलं. एसीच्या डब्यात एक अखंड घूं भरून असते. पंख्याची, चाकांची, हवेची. कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ साली पूर्ण विजेवर आला, तेव्हापासून डिझेल इंजिनाची घरघर गेली, पण ही घूं आहेच. बाबांशी मी काही बोलायला गेले की अख्खा डबा वळून बघायचा, इतकं ओरडावं लागत होतं. शेवटी दोघंही गप्प बसलो. मी हेडफोन चढवला. घूं गेली. समोरच्या बाकावरची चर्चा आणि 'कटलेट, कटलेट' ही हाक मात्र जशीच्या तशी आत आली. ज्यांनी असा हेडफोन नवीन घेतलाय ते नेमके इथेच नाराज होतात. ही वस्तू सगळं जग बंद करत नाही. जो आवाज खालच्या पट्टीतला आणि सतत एकसारखा आहे, तोच ती मारते. माणसाचं बोलणं वरच्या पट्टीत असतं आणि क्षणोक्षणी बदलतं. त्याला अडवते ती मुख्यतः कानावरची गादी.

उक्षी मागे पडलं आणि करबुडेचा बोगदा जवळ आला. साडेसहा किलोमीटरचा हा बोगदा कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. आत शिरताना जो गडगडाट होतो तो बाबांना अजूनही ऐकू येतो आणि नकोसा होतो. कपाळाला आठ्या पडतात. मला काय वाटलं कोण जाणे, मी माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला. गाणं नाही, काही नाही, नुसतं बटण चालू.

गाडी बोगद्यात शिरली. खिडकीबाहेर काळोख. बाबा काचेकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'गाडी थांबली काय गो?' मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी बाकावर पालथा हात ठेवला, हादरे लागतात का पाहिलं आणि हात तसाच ठेवून बोगदा संपेपर्यंत बसून राहिले.

रत्नागिरीनंतर त्यांनी विचारलं, हे होतं कसं? मी तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक लाट काढली आणि तिच्या खाली तिची उलटी लाट. वर जिथे डोंगर तिथे खाली दरी. हेडफोनच्या बाहेरचा माइक गाडीची लाट ऐकतो, आतली चिप तिची उलटी लाट तयार करते, दोन्ही कानाच्या तोंडाशी भेटतात आणि एकमेकींना खातात. कल्पना जुनी आहे. पाउल लुएग नावाच्या जर्मन माणसाला १९३६ साली अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं, पण तेव्हा तेवढ्या चपळाईने उलटी लाट काढणारी यंत्रं नव्हती. पुढे १९७८ मध्ये बोस या ध्वनियंत्रांच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस युरोपातून बॉस्टनला विमानाने परतत होते. विमानात मिळालेला हेडफोन लावला तर इंजिनांच्या आवाजात संगीत ऐकूच येईना. त्यांनी त्याच प्रवासात कागद घेऊन गणित मांडायला सुरुवात केली. वैमानिकांसाठी त्यांच्या कंपनीचा पहिला हेडसेट बाजारात यायला मात्र १९८९ उजाडलं. अमर बोसांचे वडील ननीगोपाल हे बंगालमधले, इंग्रजांविरुद्धच्या चळवळीतून अमेरिकेला गेलेले. बाबांनी एवढंच विचारलं, 'म्हणजे १९८९ च्या आधी मिळत नव्हता?' मी म्हटलं, नाही. त्यांनी तिकीट घडी करून खिशात ठेवलं.

दिवस दुसरा : गाव

कुडाळपासून आमचं गाव पंधरा किलोमीटर. घरात काका-काकी, चुलतभाऊ, वहिनी आणि त्यांचा बारा वर्षांचा मुलगा. डिसेंबर असल्याने भात कापून झालेलं, मांगरात, म्हणजे घराजवळच्या शेडमध्ये, पेंढा रचलेला.

सकाळी मी सवयीने कानात बड्स घालून ओट्यावर चहा घेत बसले होते. काकी मागच्या दारातून ओरडत आल्या. 'काय गो, कानात बोळे घातलंस काय? कधीपासून हाक मारतंय!' मी बड्स काढले. आणि मग जे ऐकू आलं त्याने मला अपराधी वाटलं. रहाटाचा करकर आवाज, फणसावर कुठलासा पक्षी, शेजारच्या घरात कोणी तरी नारळ सोलत होतं त्याचे ठोके. इथे मारण्यासारखी घूं नव्हतीच. नॉइज कॅन्सलेशन चालू ठेवून शांत जागी बसलं की कानाच्या पडद्यावर आतून दाब आल्यासारखं वाटतं, तेवढंच काय ते मिळत होतं.

दुपारी दुकानाकडे निघाले तेव्हा पुन्हा घातले. वळणावर मागून एक टेम्पो आला. हॉर्न मला उशिरा कळला आणि मी रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला चिकटून उभी राहिले. ट्रान्स्परन्सी मोड, म्हणजे बाहेरचा आवाज माइकमधून आत सोडायची सोय, माझ्या बड्समध्ये आहे. ती लावायला एक बोट दाबायला लागतं. ते दाबलं नव्हतं. गावच्या रस्त्याला फुटपाथ नसतो, तिथे चालताना कान हेच मागचे डोळे. त्या दिवसापासून चालताना मी बड्स डबीत ठेवते.

दिवस तिसरा : मालवण, आणि हरवलेला उजवा बड

सकाळी सगळे मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ला मी आधी पाहिलेला, बाबांनी तर कितीदा. १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधून घेतलेला हा किल्ला. समुद्राच्या मधोमध असूनही आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. होडीत मी हेडफोन लावून पाहिला. इंजिनाचा धडधडाट बराच कमी झाला, पण वाऱ्याने घोळ केला. वारा थेट माइकच्या भोकावर आपटला की हेडफोन त्यालाच आवाज समजून झुंजायला लागतो आणि कानात फडफड सुरू होते. उघड्या होडीत, दुचाकीच्या मागे बसून, डोंगरमाथ्यावर कॅन्सलेशन बंदच ठेवावं. शिवाय खारं पाणी. बड्सवर लिहिलेलं आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतील इतकंच. समुद्राच्या पाण्याचा भरवसा त्यात नाही. हेडफोन पिशवीत गेला.

खरी गोष्ट संध्याकाळी घडली. मांगरात पेंढ्याजवळ भाच्याला बड्स दाखवत होते आणि उजवा हातातून निसटून पेंढ्यात गेला. काळोख पडायला लागलेला. फोनमधून बडला आवाज करायला लावता येतो, तसं केलं आणि आम्ही तिघं, मी, भाचा आणि बाबा, कान देऊन उभे राहिलो.

भाचा लगेच म्हणाला, 'आत्या, वाजतंय!' मला काही नाही. मी पुढे वाकले, दोन पेंढ्या बाजूला केल्या, तेव्हा कुठे बारीक चिवचिव आली. पोराने हात घालून बड काढला. तो त्याच्या तळहातावर वाजत होता. त्याने तो बाबांच्या कानाजवळ नेला. 'आजोबा, ऐका.' बाबांनी मान वाकडी केली, थांबले, डोळे बारीक केले. मग हसून म्हणाले, 'बंद केलास काय?'

तो वाजतच होता.

दोन वर्षांपूर्वी काढलेला त्यांचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, माझ्याकडे आहे. त्यातली रेघ खालच्या पट्टीत जवळजवळ सरळ चालते आणि ४००० हर्ट्झच्या आसपास कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. मी तो कागद बघितला होता, फाइलला लावला होता. पण त्याचा अर्थ मला मांगरात, त्या पोराच्या तळहातावर कळला. खालची पट्टी शाबूत असल्याने त्यांना बोगद्याचा गडगडाट ऐकू येतो, पखवाज ऐकू येतो, बोलण्यातले 'आ', 'ओ', 'ऊ' ऐकू येतात. जातात ते 'स', 'श', 'त', 'ख', 'फ'. म्हणजे शब्दांचा सांगाडा येतो आणि कडा गळून पडतात. आम्ही ओरडतो तेव्हा सांगाडाच मोठा होतो, कडा येतच नाहीत.

त्यांच्यासाठी २२,००० रुपयांचं कानाचं यंत्र घेतलं होतं. ते शिट्टी मारतं आणि चमचा ताटाला लागला तरी कानात फुटतं, म्हणून कपाटात आहे. ते पुन्हा तपासून, बसवून, जुळवून घ्यायला हवं होतं. ते मी केलं नाही.

दिवस चौथा : जत्रा आणि दशावतार

जत्रेसाठीच तर आलो होतो. दिवसभर देवळात ओट्या भरल्या, संध्याकाळी पालखी फिरली, खाजं आणि लाडू घेऊन झाले. रात्री अकराच्या पुढे दशावतार.

ज्यांनी हा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी आड दशावतार. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती आणि मग सगळी पोरं ज्याची वाट बघत असतात तो संकासुर. त्यानंतर पुराणातलं आख्यान, ते पहाटेपर्यंत चालतं. पेटी, पखवाज आणि झांज. स्त्रियांची कामं परंपरेने पुरुषच करतात. आणि मुख्य म्हणजे संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली, प्रसंग ठरलेले, पण राजा काय बोलणार आणि त्यावर राणी काय उलटवणार हे तिथल्या तिथे, समोरासमोर जमतं. ज्याला शब्द ऐकू येत नाहीत त्याच्यासाठी यातलं अर्धंच उरतं. बाबा तरुणपणी गिरणीतून रजा टाकून या जत्रेला यायचे. गेली कित्येक वर्षं मात्र संकासुर झाला की 'झोप येते' म्हणून घरी जायचे. झोप येत नव्हती, हे मला आता कळतंय.

आयफोनमध्ये 'लाइव्ह लिसन' नावाची सोय आहे. फोन माइक होतो आणि तो जे ऐकतो ते बड्समध्ये जातं. मला ती वर्षानुवर्षं माहीत होती, कधी वापरली नव्हती. पेटीवाल्या बुवांना विचारून मी फोन रंगमंचाच्या कडेला ठेवला. ब्लूटूथची पोच साधारण दहा मीटर, म्हणून बाबांना पहिल्या रांगेत बसवलं.

पहिला प्रयत्न फसला. फोन पेटीच्या बाजूला होता, त्यामुळे कानात नुसती पेटी. तो उचलून दुसऱ्या टोकाला, राजाच्या बाकड्याजवळ नेला. मग बाबा म्हणाले, पखवाज दोनदा वाजतो. त्यांनी एकच बड घातला होता. मोकळ्या कानाने पखवाज आधी यायचा आणि बडमधून क्षणभर मागाहून. ब्लूटूथची ही जातच आहे. आवाज बांधून पाठवायचा, तिकडे सोडायचा, त्यात क्षणाचा तुकडा जातो. दोन्ही बड्स घातले. सिलिकॉनची टोपी मधल्या मापाची होती, ती सैल बसत होती, मोठी लावली. टोपी नीट बसली नाही तर कुठलाच बड धड चालत नाही, ना कॅन्सलेशन, ना आवाज. एवढं झाल्यावर नेमका मला कोणाचा तरी फोन आला आणि सगळं तुटलं. रंगमंचावर चढून 'डू नॉट डिस्टर्ब' लावलं.

बाबांची एक तक्रार तरीही राहिली. 'तोंड आधी हलतं, शब्द मागून येतो.' माझ्यासारखीला हे लक्षातही आलं नसतं. ते ओठ वाचतात. त्यांना ओठ आणि शब्द यांच्यातली फट दिसते.

पण साधारण साडेबाराला, राजा आणि त्याच्या राणीचं भांडण चाललं होतं, राणीने काही तरी टोमणा मारला आणि बाबा हसले. सगळे हसले तेव्हा हसले. मागाहून, दुसऱ्यांकडे बघून हसले नाहीत. मी त्यांच्या बाजूला बसून पुढचा तासभर रंगमंचाकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते. पखवाज चढला की मी फोनवरून आवाज उतरवत होते. उरलेले कान तरी राखायला हवेत ना. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो.

आख्यान संपलं तेव्हा उजाडायला आलं होतं. बाबा शेवटपर्यंत बसले.

दिवस पाचवा : कुडाळ ते ठाणे

परतीची मांडवी. दोघंही न झोपलेले. गाडी सुटल्यावर बाबांनीच हात पुढे केला, 'ते दे.' मला वाटलं हेडफोन हवाय. त्यांनी बड्सच्या डबीकडे बोट दाखवलं.

मी त्यांच्या कानात बड्स घातले, कॅन्सलेशन चालू केलं, लाइव्ह लिसन लावलं आणि फोन माझ्या तोंडाजवळ धरला. बडने त्यांच्या कानातली डब्याची घूं मारली, फोनने माझा आवाज जवळून उचलला. खालच्या पट्टीचा मोठा आवाज वरच्या पट्टीला झाकतो. तो गेला की उरलंसुरलं ऐकणं कामाला येतं. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, 'चहा घेणार?' ते म्हणाले, 'साखर कमी.'

एवढंच. ओरडले नाही. कोणी वळून पाहिलं नाही.

मग कणकवलीपासून पुढे ते बोलत राहिले. १९७२ साली, विशीत, गावातून लालबागला आले आणि साचेखात्यात लागले. साचा म्हणजे माग. शेकडो साचे एकाच शेडमध्ये, प्रत्येकात आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटणारा. एकमेकांशी ओठ मोठे करून, हातवारे करून बोलायचं. नवीन माणसाला ती भाषा शिकायला दोन महिने लागायचे. काही जण कानात कापसाचे बोळे घालायचे, गिरणीत कापसाला काय तोटा, पण जॉबरची, म्हणजे मुकादमाची, हाक ऐकू आली नाही की शिव्या पडायच्या, म्हणून काढून टाकायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात हेही. नंतर पोट भरायला भिवंडीत पॉवरलूमवर अठरा वर्षं.

मी विचारलं, तेव्हा कळत नव्हतं का, कान जाताहेत ते?

'सुरवातीला घरी आल्यावर कानात साचे वाजत राहायचे. रात्री झोपेपर्यंत. सकाळी बंद. मग वर्षा-दोन वर्षांनी वाजायचे बंदच झाले. आम्हाला वाटलं, सवय झाली.'

मी फोन तोंडाजवळ धरून बसले होते. कानाच्या आत केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात, मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत, हे मला माहीत होतं. जुन्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आवाजाने येणारं बहिरेपण रोग म्हणून नोंदवलेलं होतं, हेही माहीत होतं. यातलं काहीच मी त्यांना सांगितलं नाही. मी विचारलं, 'ती हातवाऱ्यांची भाषा आठवते?' त्यांनी दोन्ही हातांनी 'धागा तुटला' करून दाखवलं. मग 'मुकादम येतोय'. मग 'चहा'. समोरच्या बाकावरची लहान मुलगी बघत होती, तिला 'चहा' लगेच जमला.

करबुडेचा बोगदा आला तेव्हा आम्ही त्यांच्या लग्नाच्या गोष्टीवर होतो. गडगडाट सुरू झाला. मी फोन आणखी जवळ घेतला आणि विचारलं, 'मग आईने काय म्हटलं?' त्यांनी सांगितलं. अख्ख्या बोगद्यात त्यांनी ते सांगितलं.

ठरवलंय की या आठवड्यात यंत्र घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे जायचं. माझे बड्स बाबांच्या कानाच्या यंत्राची जागा घेऊ शकत नाहीत. फोन कोणी तरी धरावा लागतो, चार्जिंग चार-पाच तासांत उतरतं. यंत्र नीट जुळवून घ्यायला दोन-तीन खेपा लागतात असं तेव्हाच सांगितलं होतं. त्या खेपा आता घालायच्या.

पनवेलच्या अलीकडे बाहेर काळोख झाला होता. बाबा बोलता बोलता थांबले आणि त्यांनी डाव्या कानाला बोट लावलं.

'हा टुंग करून कसला आवाज आला?'

'चार्जिंग संपत आलंय, बाबा.'

'असं होय,' ते म्हणाले, आणि पुन्हा येतोय का ते ऐकत बसले.